मंजूर झालेला परवाना कृपया नामंजूर करावा

प्रति,
मा. कायम निवास परवाना अधिकारी,
परदेशी नागरिक कक्ष, दुसरा मजला,
(पाण्याच्या यंत्राशेजारील खिडकी)

विषय : अशिलास मंजूर झालेला कायम निवास परवाना नामंजूर करून मिळण्याबाबत.

संदर्भ : आपले मंजुरीचे व अभिनंदनाचे पत्र.

महोदय, आणि खिडकीमागील सर्व सहकारी,

१. वरील विषय वाचून आपण चष्मा पुसला असल्यास नम्रपणे कळवण्यात येते की, चष्म्यात दोष नाही. विषय दोनदा तपासून आणि टंकलेखिकेशी वाद घालून लिहिलेला आहे. निम्नस्वाक्षरीकार हा व्हिसा, निवास परवाना व नागरिकत्व या कामांचा वकील असून आजवर त्याचा जिना चढून आलेल्या प्रत्येकाला परवाना हवा होता. हातात आलेला परवाना नाकारून द्या असे म्हणणाऱ्या सदर अशील पहिल्याच. त्यांची हकीकत, शक्य तिथे त्यांच्याच शब्दांत, पुढे सादर करण्यात येते. ती लांबली आहे याची जाणीव आहे. लहान करण्याचा प्रयत्न केला असता अशिलांनी सुटलेला मजकूर पुन्हा घालायला लावला.

२. अशिलांना त्यांची सारी गल्ली 'वहिनी' म्हणते, म्हणून या अर्जातही तसेच म्हटले आहे. त्यांचे कपडे दुरुस्तीचे दुकान आहे. दुकान म्हणजे दार काढून टाकलेले मोठे कपाटच. भिंतीला पाठ लावून एक माणूस उभा राहिला की दुसऱ्याने आत येण्यापूर्वी पोट आत घ्यावे लागते. वर एका नळीवर उसवलेल्या, आखूड करायच्या, कंबरेत सोडायच्या पँटी लटकतात, खाली खडूचे तुकडे, बॉबिनचा डबा आणि दोन स्टुले. त्यातील एका स्टुलावर वहिनी, दुसऱ्यावर त्यांची नणंद. या नणंदेस वहिनी 'वन्सं' म्हणतात आणि गल्लीही त्यांना वन्संच म्हणते, गल्लीतील कोणाशीही त्यांचे तसे नाते नसताना. वहिनींचे यजमान म्हणजे वन्संचे धाकटे बंधू. ते वारल्यापासून दुकान या दोघीच चालवतात. कात्री वहिनींच्या हातात, मशीन वन्संच्या पायाखाली. वहिनी खडूने खूण करतात. ती खूण चुकली आहे असे वन्सं सांगतात आणि बरोबर त्याच खुणेवरून शिलाई मारतात.

दोघींचे पटत नाही, हे शपथेवर नमूद करण्यास निम्नस्वाक्षरीकार तयार आहे. खिडकी उघडी ठेवायची की बंद, रेडिओ किती मोठा, समोरच्या गिऱ्हाइकाचे पोट सुटले आहे की पँट आटली आहे, यांपैकी एकाही मुद्द्यावर दोघींचे एकमत झाल्याचे कोणाच्या स्मरणात नाही. वहिनी भांडतानाही 'अहो वन्सं' सोडत नाहीत, त्यामुळे भांडणाला एक प्रकारची सभ्यता येते आणि ते जास्त वेळ टिकते.

३. वहिनींना एकच कन्या. ती महोदयांच्या देशात स्थायिक असून विमानतळाच्या मनोऱ्यात बसून विमानांना उतरण्याची व उडण्याची परवानगी देते. तिच्या एका शब्दावर शेकडो माणसांनी भरलेली विमाने आकाशात घिरट्या घालत थांबतात. अशा व्यक्तीला 'नाही' ऐकण्याची सवय राहत नाही हे आपण समजू शकाल. लहानपणीही नव्हती असे वन्सं म्हणतात. या कन्येने एके दिवशी फोनवर जाहीर केले, "आई, मी तुझ्या परवान्याचा अर्ज टाकतेय. आता तू इकडंच राहायचं. मी सगळं बघते, तू फक्त सह्या कर." वहिनी म्हणाल्या, "बघू." कन्येने त्याचा अर्थ 'हो' असा घेतला आणि निम्नस्वाक्षरीकाराला नेमले.

येथे निम्नस्वाक्षरीकाराची चूक मान्य करणे भाग आहे. त्याने कन्येशी फोनवर पुष्कळ चर्चा केली. वहिनींना त्याने फक्त सही कुठे करायची ते दाखवले. वहिनींनी मनाशी काय ठरवले आहे हे त्याने विचारलेच नाही. त्यांनी ठरवले होते ते असे, की सह्या सगळ्या करायच्या आणि नापास व्हायचे.

४. त्यांचा पहिला प्रयत्न फॉर्मवरच झाला. 'आपण कधी एखादी सत्ता उलथवण्यात भाग घेतला आहे काय?' या प्रश्नापुढे वहिनींनी ठळक अक्षरांत 'होय' लिहिले. आपल्या कक्षाने साहजिकच खुलासा मागवला. वहिनींचा घोटाळा झाला असावा अशा समजुतीने निम्नस्वाक्षरीकाराने तातडीने चौकशी केली, तेव्हा कळले की शिलाई कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष कित्येक वर्षे खुर्ची सोडत नव्हते आणि संघटनेच्या सभागृहात स्वतःच्या मेव्हण्याची कपाटे ठेवत होते. एका सभेत वहिनी खुर्चीवर उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "ज्यांना कपाटं नकोत त्यांनी हात वर करा," आणि सत्ता उलथली. हा सर्व वृत्तान्त निम्नस्वाक्षरीकाराने मोठ्या हौसेने लिहून पाठवला. आपण त्यावर 'सार्वजनिक जीवनात सक्रिय सहभाग' असा शेरा मारून वाढीव गुण दिलेत. ते पत्र वाचून वहिनींनी निम्नस्वाक्षरीकाराकडे ज्या नजरेने पाहिले, ती कृतज्ञतेची आहे असे त्या वेळी त्याला वाटले होते.

५. त्यानंतर वैद्यकीय तपासणी. या तपासणीवर वहिनींची फार भिस्त होती. त्यांनी डॉक्टरांपुढे गुडघे, दम, चक्कर आणि पाठ यांची कैफियत मांडली आणि वर "हृदयही मधूनमधून थांबतं" असे सांगितले. डॉक्टरांनी त्यांना चालण्याच्या यंत्रावर उभे केले. मिनिटभरात उतरायचे आणि खुर्चीत कोसळायचे असा बेत होता. परंतु पर्स धरायला म्हणून वन्सं सोबत गेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, कशाला उगाच? वहिनीला दोन मिनिटंसुद्धा जमायचं नाही."

झाले. वहिनींचा जबडा आवळला गेला. दोन मिनिटे झाली, दहा झाली, परिचारिका चहा पिऊन परत आली तरी वहिनी चालतच होत्या. डॉक्टरांनी कुतूहलाने वेग वाढवला. वन्सं ओरडल्या, "पडशील!" वहिनींनी त्यांच्याकडे न बघता एक हात हलवला, राजे लोक हलवतात तसा. अहवालात 'वयाच्या मानाने थक्क करणारी प्रकृती' असे लिहून आले. त्या दिवशी दुकानाची एक पायरीसुद्धा त्यांना चढवेना. वन्संनी कोपराला धरून चढवले, पण तोंडाने "चाल ना आता, चाल" हे चालूच होते.

६. भाषेच्या परीक्षेत गप्प बसले की काम फत्ते, असे वहिनींना किल्ल्या बनवणाऱ्या शेजाऱ्याने सांगितले होते. हा शेजारी सर्व विषयांत सल्ला देतो. महोदयांच्या देशाची भाषा वहिनींना नातवंडांशी फोनवर बोलून बोलून येऊ लागली आहे, पण ती येत नाही असे दाखवणे अवघड नव्हते. लेखी परीक्षेत त्यांनी सगळ्या प्रश्नांना 'ब' ही खूण केली. पुष्कळशी उत्तरे 'ब'च निघाली, याला त्यांचा इलाज नव्हता. तोंडी परीक्षेत मात्र त्या ओठ मिटून बसल्या. परीक्षक बाईंनी नाव विचारले, वहिनी गप्प. हवामान विचारले, वहिनी गप्प. बाईंनी उसासा टाकून शेवटची चिठ्ठी पुढे केली. तीवर लिहिले होते, 'तुमच्या घरातील एका व्यक्तीचे वर्णन करा.'

वहिनींच्या डोळ्यांपुढे त्या सकाळचे खिडकीचे भांडण आले. आपल्या देशाच्या भाषेत, महोदय, त्या जे सुरू झाल्या ते वेळ संपल्याची घंटा वाजली तरी थांबल्या नाहीत. वन्सं कशा घोरतात आणि घोरत नाही म्हणून कशा सांगतात, शिलाई उसवली तर दोष दोऱ्याला कसा देतात, आजारी पडल्या की औषध कसे घेत नाहीत आणि दुसऱ्याला कसे नाक दाबून पाजतात, हे सर्व त्यांनी सांगितले. पुढच्या उमेदवाराला आत घ्यायचे होते, तो दारात उभा राहून ऐकत होता. परीक्षक बाईंचा शेरा सोबत जोडला आहे : 'क्रियापदे चुकतात. नणंद मात्र डोळ्यांसमोर उभी राहते. उत्कृष्ट.'

७. राहता राहिला चारित्र्याचा दाखला. वयाला शोभेलसा आणि अंगावरचे कपडे खराब न होणारा एखादा गुन्हा वहिनींनी शेजाऱ्याला विचारला. त्याने लाल दिवा असताना रस्ता ओलांडण्याचे सुचवले. त्यानुसार वहिनी भर चौकात, हवालदाराच्या अगदी नाकासमोर, लाल दिव्यात रस्त्यात उतरल्या. हवालदाराने शिट्टी वाजवून सगळी वाहने थांबवली, त्यांचा हात धरला आणि तो त्यांना पलीकडे सोडून आला. वहिनी पुन्हा अलीकडे निघाल्या. त्याने पुन्हा वाहने थांबवली. तिसऱ्या खेपेला त्याने सलाम ठोकला. वाहतूक शिस्तीच्या सप्ताहासाठी कोणाला तरी छायाचित्र हवेच होते, ते त्याच वेळी काढले गेले आणि आज पोलीस ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर लावलेले आहे. खाली लिहिले आहे, 'ज्येष्ठांचा विश्वास, हाच आमचा अभिमान.' दाखला त्याच दिवशी, विनाविलंब, हातात मिळाला.

८. मुलाखतीस आपण स्वतः हजर होतात, त्यामुळे आठवण करून देणे हा आगाऊपणा ठरेल. तरीही दुसरी बाजू आपल्याला ठाऊक नसावी म्हणून लिहितो. त्या दिवशी वहिनींनी सर्व युक्त्या बाजूला ठेवल्या होत्या. अधिकाऱ्याला समोरासमोर खरे सांगून टाकायचे ठरवून त्या आल्या. आपण विचारलेत, "आमच्या देशात कायमचं राहायला येण्याची आपली इच्छा आहे ना?" वहिनी स्पष्ट म्हणाल्या, "मला यायचं नाही. मी इथंच बरी आहे."

आपला दुभाषी अत्यंत सुसंस्कृत गृहस्थ आहे. त्याने आपल्याला समजावले की जुन्या वळणाची माणसे पहिल्या बोलावण्याला कधी होकार देत नाहीत, तो हावरेपणा दिसतो. त्यांना आग्रह करावा लागतो. आपण खुर्चीवरून उठलात, छातीवर हात ठेवलात आणि आपल्या सरकारच्या वतीने वहिनींना आग्रह केलात. वहिनी घाबरून म्हणाल्या, "अहो, खरंच नको." दुभाषी आपल्या कानाशी लागून म्हणाला, "विरघळायला लागल्या." आपण कॉफी मागवलीत. शेवटी वहिनी टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "नको म्हणजे नको!" तेव्हा दुभाष्याने डोळे टिपले आणि सांगितले, "हा शेवटचा नकार. आता होकारच समजा, साहेब." आपण शिक्का मारलात. आपल्या सौजन्याबद्दल वहिनींच्या मनात किंचितही किल्मिष नाही. कॉफी चांगली होती असे त्यांनी आवर्जून लिहायला सांगितले आहे.

९. मंजुरीचे पत्र आल्यावर वहिनी निम्नस्वाक्षरीकाराच्या कार्यालयात आल्या. हे कार्यालय धुलाईच्या दुकानावर असल्याने जमिनीतून वाफ येते आणि पावसाळा असो नसो, कागद ओलसर असतात. अभिनंदन करण्यासाठी निम्नस्वाक्षरीकार उभा राहिला. वहिनींनी पिशवीतून लिफाफा काढला, टेबलावर ठेवला, त्यावरून तळवा फिरवून सुरकुत्या काढल्या आणि म्हणाल्या, "वकीलसाहेब, हे उसवून द्या."

निम्नस्वाक्षरीकार हसला. वहिनी हसल्या नाहीत. मग त्यांनी वर लिहिलेले सगळे सांगितले. ऐकता ऐकता निम्नस्वाक्षरीकाराच्या लक्षात आले की आपण दीड वर्ष ज्या बाईला पाठीमागून ढकलत होतो, ती पाय रोवून उभी होती.

"अहो, मग मुलीलाच सरळ नाही म्हणा ना," तो म्हणाला.

"तिला मी नाही म्हटलं तर तिचं मन मोडेल," वहिनी म्हणाल्या. "सरकारनं नाही म्हटलं तर कुणाचंच मोडत नाही. दोघी मिळून सरकारला शिव्या घालू आणि मोकळ्या होऊ."

कायद्याच्या इतक्या वर्षांच्या अभ्यासात नकाराचा हा उपयोग निम्नस्वाक्षरीकाराच्या कधी ध्यानात आला नव्हता. परवाना आपणहून परत केल्यास त्याची सूचना कन्येला जाते, असा आपला नियम आहे. तेव्हा आपणच नकार द्यावा, तो थोडा कठोर भाषेत द्यावा, आणि कारण विचारल्यास कन्येला सांगू नये, अशा विनंतीचा पहिला मसुदा त्याने त्याच दिवशी तयार केला.

१०. दुसऱ्या दिवशी वन्सं आल्या. दार उघडून त्या आधी खुंटीवरच्या कोटाकडे गेल्या. म्हणाल्या, "हे अस्तर लोंबतंय. कोट दुकानात टाकून जा." मग बसल्या. मग खिडकी उघडी का आहे ते विचारले आणि बंद केली. मग म्हणाल्या, "वहिनी गेली की दुकान मी एकटी चालवीन. मला काही फरक पडत नाही. उलट जरा शांतता. आपलं सहज विचारते, नणंदेला बरोबर नेता येतं का हो?"

निम्नस्वाक्षरीकाराने नियमावली उघडली आणि वाचून दाखवली. जोडीदार नेता येतो. अल्पवयीन अपत्ये नेता येतात. त्याखालच्या कलमात कुत्रा, मांजर आणि पिंजऱ्यातील पक्षी नेता येतात, मात्र लसी टोचल्याचा दाखला हवा.

"म्हणजे पोपट चालतो?"

"चालतो."

"नणंद नाही चालत."

"तशी तरतूद नाही."

वन्संनी पदर सारखा केला. मग हळूच म्हणाल्या, "मला सगळ्या लसी टोचलेल्या आहेत."

महोदय, निम्नस्वाक्षरीकार कठोर मनाचा माणूस आहे, परंतु त्या वाक्यानंतर त्याने नियमावली पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पुन्हा वाचली. 'दीर्घकाळ वापरातील घरगुती सामान' या कलमाखाली काही करता येते का तेही पाहिले. त्या कलमात वस्तू किती वर्षे वापरात आहे असा रकाना आहे. तो भरण्यासाठी वन्संना प्रश्न विचारला असता त्या उठून गेल्या. त्या प्रश्नाबद्दल निम्नस्वाक्षरीकार येथे लेखी दिलगिरी व्यक्त करतो, कारण तोंडी त्या ऐकून घेत नाहीत.

११. पहिला मसुदा आपल्याकडे रवाना होण्यापूर्वीच कन्या येऊन थडकली. आईला न्यायला ती स्वतः आली होती. तिकिटे काढलेली होती आणि सोबत दोन भल्यामोठ्या रिकाम्या बॅगा होत्या. बॅगा दुकानात मावेनात, म्हणून एक बाहेर फुटपाथवर ठेवली आणि एक दोन स्टुलांच्या मध्ये उघडून पसरली.

बॅग भरण्याचे काम वन्संनी स्वतःकडे घेतले. "तिला घडी घालता येत नाही," असे त्यांनी कन्येला सांगितले. त्या सकाळी बॅग भरायच्या, दुपारी "ही घडी मोडेल" म्हणून सगळे बाहेर काढायच्या, संध्याकाळी पुन्हा भरायच्या. दुसऱ्या दिवशी लोकरीचे कपडे वर हवेत की खाली यावर बॅग रिकामी झाली. तिसऱ्या दिवशी एका ब्लाउजचे बटण सैल निघाले, मग सगळ्याच कपड्यांची बटणे तपासणे आले. कन्या विमाने मिनिटामिनिटाला सोडणारी, तिला हे सहन होईना.

"आत्या, ही बॅग भरून कधी होणार?"

"होईल. घाई काय आहे?"

"परवाचं विमान आहे, आत्या!"

"विमान काय, तू सांगशील तोवर थांबेल," वन्सं म्हणाल्या आणि बॅगेतून एक स्वेटर बाहेर काढला.

१२. यानंतर जे घडले त्याचा निम्नस्वाक्षरीकार साक्षीदार आहे. तो अस्तर शिवलेला कोट न्यायला गेला होता आणि जागा नसल्याने दारात उभा होता. कन्येने वन्संच्या हातातील स्वेटर घेतला, बॅगेत टाकला, झाकण आपटले आणि वर बसून ते लावू लागली. वन्सं मशीनकडे वळून शिलाई मारू लागल्या आणि वहिनी कात्री हातात धरून बघत होत्या. एकाएकी त्या म्हणाल्या,

"मला यायचं नाही."

वन्संचे मशीन थांबले. कन्या झाकणावर बसल्या बसल्याच वळली. "काय?"

"मला तिकडं राहायला यायचं नाही. कधीच यायचं नव्हतं."

वाक्य तोंडातून गेल्यावर वहिनी स्वतःच दचकल्या. छत कोसळेल अशा भीतीने त्यांनी एकदा वर पाहिले. वर पँटी होत्या, त्या जागच्या जागी होत्या.

"दीड वर्ष!" कन्या म्हणाली. "दीड वर्ष मी कागद गोळा करतेय, आई. फोन करतेय, रांगेत उभी राहतेय. आणि तू आत्ता सांगतेस?"

"तू एवढ्या धावपळीत होतीस," वहिनी म्हणाल्या. "म्हटलं, मध्येच कुठं अडवायचं."

कन्या झाकणावरून उठली. विमानांशी बोलतानाचा तिचा आवाज कुठल्या कुठे गेला. "मला वाटायचं, बाबा गेल्यावर तू इथं एकटी पडलीस. फोन ठेवला की रोज वाटायचं, आई एकटी बसली असेल."

"एकटी?" वहिनींनी कात्री खाली ठेवली. "वन्संच्या तावडीत? अगं, एकटं वाटून घ्यायला मला उसंत तरी मिळते का?"

"तावडीत म्हणे," वन्सं मशीनला उद्देशून म्हणाल्या. पण सुई काही त्यांना दोऱ्यात ओवता येईना, म्हणजे दोरा सुईत. वहिनींनी तो त्यांच्या हातून घेतला आणि ओवून दिला.

कन्या हसू लागली आणि हसता हसता रडू लागली आणि नाक पुसायला तिने हाताला लागले ते कापड ओढले.

"गिऱ्हाइकाचं आहे ते!" दोघी एकदम ओरडल्या. दोघींचे एकमत झाल्याची ही पहिलीच नोंद असल्याने ती येथे केली आहे.

कन्या दुखावली नाही असे म्हणणे खोटे ठरेल. ती बाहेर पडली आणि बराच वेळ परतली नाही. वहिनी दर थोड्या वेळाने फुटपाथवर जाऊन उभ्या राहत होत्या. वन्सं म्हणत होत्या, "येईल, विमानं उतरवणारी पोरगी आहे, वाट चुकते होय!" आणि स्वतःही मागोमाग बाहेर येऊन बघत होत्या. अंधार पडण्याच्या सुमारास ती आली. आईच्या शेजारी, अर्ध्या स्टुलावर, टेकली. म्हणाली, "राहायला नको येऊस. पण निदान महिनाभर तरी येशील? बघून तरी जा मी कुठं राहते ते. आणि आत्यालाही आण."

वहिनी काही बोलायच्या आत वन्सं म्हणाल्या, "मी कशाला? माझं काय काम तिथं?" आणि असे म्हणत असतानाच त्यांनी फुटपाथवरची दुसरी बॅग आत ओढली.

१३. सबब, सर्व बाबींचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन खालीलप्रमाणे आदेश व्हावेत ही विनंती.

(अ) वहिनींचा कायम निवास परवाना रद्द व्हावा. तो आता खुशाल रीतसर रद्द करावा आणि सूचना कन्येला जाऊ द्यावी. ती दुकानातच बसली आहे. रजा वाढवून घेतली असून गिऱ्हाइकांना पावत्या देते. तिने काल दोन गिऱ्हाइकांच्या पँटी अदलाबदल करून दिल्या आणि दोघांनाही "थांबा, तुमचा नंबर आल्यावर बोला" असे सांगितले. त्यामुळे तिला लवकर परत बोलावून घेणे उभय देशांच्या हिताचे आहे.

(ब) वहिनी व वन्सं या दोघींना प्रत्येकी एक महिन्याचा पाहुण्यांचा व्हिसा मिळावा. दोघी मुदतीत परत येतील याची हमी म्हणून शिवायला आलेल्या कपड्यांची थप्पी दाखवता येईल. दोघींचे व्हिसा एकाच दिवशी द्यावेत. एकीचा आधी मिळाल्यास ती दुसरीला ते वर्षभर ऐकवील.

(क) मुलाखतीबाबत. दोघींना एकत्र बोलावल्यास आपल्याला एकही प्रश्न विचारता येणार नाही. वेगवेगळे बोलावल्यास बाहेर बसलेली दर दोन मिनिटांनी दार उघडून आतली काय सांगते आहे ते विचारील व दुरुस्त करील. निम्नस्वाक्षरीकाराने पुष्कळ विचार केला, परंतु तिसरा मार्ग सापडला नाही. आपण अनुभवी आहात.

हा मसुदा, वन्संपुरता परिच्छेद ६ वगळून, दोघींना वाचून दाखवला आहे. परिच्छेद २ मधील 'पटत नाही' हे शब्द वगळावेत असे वन्संचे म्हणणे असून ते ठेवावेत असे वहिनींचे म्हणणे आहे. आपण निर्णय द्याल तो दोघींनाही मान्य असणार नाही, तेव्हा कृपया देऊ नये.

आपला बराच वेळ घेतल्याबद्दल ओशाळलेला आणि तरीही आशा धरून असलेला,

(सही)
अशिलांचे वकील
धुलाईच्या दुकानावर, जिना डावीकडून

दिनांक : ११ मार्च

सोबत :
१. मूळ परवाना. (इस्त्री करून.)
२. कन्येचे संमतिपत्र.
३. परीक्षक बाईंच्या शेऱ्याची प्रत. (वन्संनी ती वाचलेली नाही. कृपया खिडकीवर उघडी ठेवू नये.)
४. वहिनींचे छायाचित्र, दोन प्रती.
५. वन्संचे छायाचित्र, दोन प्रती. चेहरा गंभीर असावा असा नियम आहे हे छायाचित्रकाराने त्यांना सहा वेळा सांगितले. सहाही वेळा त्या हसल्या आहेत. त्यातल्या त्यात कमी हसलेली प्रत जोडली आहे.